एक रिकामी खोली ठेवा

तायडे सर लग्न लावायला येणार म्हटलं की मुलीकडच्यांना दोन गोष्टींची तजवीज करून ठेवावी लागायची. एक बिनदुधाचा चहा आणि दुसरी एक रिकामी खोली. चहाचं कसंही जमायचं. खोलीचं जमता जमायचं नाही. एका खोलीत आंदणाची भांडी मांडलेली, दुसरीत आचाऱ्याचे कांदे-बटाटे, तिसरीत आरशासमोर दाटीवाटीने उभ्या बायका, आणि उरलेल्या खोलीत कोणातरी मामाची पंख्याखाली झोप लागलेली. सर त्या मामाला हलवून उठवायचे. "उठा बापा, जरासे भायेर बसा. मले पोरीशी बोलाचं हाये." मामा डोळे चोळत बाहेर यायचा आणि या उपऱ्या माणसाचं पोरीशी काय काम असेल म्हणून दाराकडे बघत राहायचा.

सर अमरावतीत आमच्या गल्लीत राहायचे, अजून राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, पण आम्हा पोरांना ते ठाऊक होते लग्न लावणारे म्हणून. आम्हा बौद्धांच्या लग्नात विधी तसा थोडका. त्रिशरण, पंचशील, नवरानवरीच्या प्रतिज्ञा, हार, मंगलगाथा, की लोक जेवायला मोकळे. एवढं सांगणारा, स्वच्छ उच्चार असलेला माणूस लागतो. सरांचे उच्चार स्वच्छ होते, आवाज मंडपाच्या टोकापर्यंत जायचा, आणि जेवणाशिवाय ते काही घ्यायचे नाहीत. त्यामुळे उन्हाळ्यात त्यांना भारी मागणी. अडचण होती ती फक्त त्या खोलीची.

खोलीत ते आधी नवरदेवाला बोलवायचे, मग नवरीला, वेगवेगळं. दार लावून एकच विचारायचे. "तुयं मन हाये काय?" हो म्हटलं की बाहेर. बहुतेकांचं तेवढ्यात आटपायचं. एका नवरीने म्हणे सांगितलं, "मन हाये सर, पन माही एक चप्पल सापडून नाई राहिली," आणि सर खाली वाकून पलंगाखाली चप्पल शोधू लागले. एक नवरदेव नुसता प्रश्न ऐकूनच रडायला लागला. सरांना वाटलं आता काहीतरी निघणार. निघालं एवढंच, की त्याला आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं, कॉलेज कोणतं तेही नाही, त्यामुळे भरून आलं. मन होतं त्याचं. लग्न लागलं.

सरांच्या खांद्याला कायम एक झोळी. तिच्यात मेणबत्त्या, पांढरं सूत आणि स्वतःची माचीस. लग्नघरातली माचीस ऐन वेळी पेटत नाही, हा त्यांचा सिद्धांत. लग्न लागेपर्यंत पाण्याशिवाय आणि त्या काळ्या चहाशिवाय पोटात काही नाही, आणि लागलं की पहिल्या पंगतीत बसून वांग्याच्या भाजीची अशी परीक्षा घ्यायचे की आचारी पडद्याआडून बघत उभा राहायचा. आणि तोंडात सदा एक शब्द, काहून. डॉक्टरने गोळी लिहून दिली की, "रात्रीच काहून घ्याची?" मी एम.ए.ला नाव घातलं तेव्हा गल्लीत पेढे वाटत फिरत होते बाबा. सरांनी पेढा तोंडात टाकला आणि मला विचारलं, "एम.ए. काहून?" मला उत्तर आलं नाही. एम.ए. झाले, अकोल्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले, रोज अमरावती-अकोला करायला लागले, तरी आलं नाही. स्पर्धा परीक्षा एकदा दिली, एकदा ऐन वेळी दिली नाही. दोन्ही वेळा का, हे मला सांगता आलं नसतं. सरांचा मला त्या काळात राग यायचा. या माणसाला सगळं कसं ठाऊक असतं, असं वाटायचं.

त्यांना ठाऊक असण्याला एक कारण होतं, आणि ते त्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगून झालं होतं. सर लहान असताना त्यांच्या मोठ्या बहिणीचं, अक्काचं लग्न झालं. प्रतिज्ञेच्या वेळी 'कबूल आहे का' म्हणून विचारलं तेव्हा अक्का गप्प बसली, आणि मागे बसलेल्या मामीने तिच्या डोक्यावर हात ठेवून मान खाली दाबली. लोकांना वाटलं पोरीने होकार दिला. "तो हात म्या पाह्यला," सर म्हणायचे. "मंडपात कोनं नाई पाह्यला, म्या पाह्यला." म्हणून खोली. मंडपात विचारून उपयोग नाही, तिथे मागे हात असतात.

दर्यापूरचं प्रकरण झालं तेव्हा मी शाळेत होते. आमच्या ओळखीतल्यांकडे लग्न होतं म्हणून बाबाही सरांबरोबर गेले होते. मुलीचं नाव रंजना. सरांनी खोलीत विचारलं, आणि रंजना म्हणाली, "नाई."

इतक्या वर्षांत 'नाई' पहिल्यांदाच आलेलं. सर खोलीतून बाहेर आले, सरळ माईकपाशी गेले आणि म्हणाले, "पोरीचं मन नाही. हे लग्न मी लावत नाही." सगळ्या मंडपासमोर. एवढं बोलून झोळी उचलली आणि चालायला लागले.

पुढचं बाबांनी सांगितलेलं वेगळं आणि सरांनी सांगितलेलं वेगळं. बाबा म्हणायचे, लोकांनी सरांची कॉलर धरली, जीपपर्यंत ढकलत आणलं. सर म्हणायचे, कोणी ब्र काढला नाही, सगळे नुसते बघत होते. दोघेही एकाच जीपमध्ये बसून उपाशी घरी आले आणि दोघेही आपापलं खरं असल्याचं छातीठोकपणे सांगत. एवढं मात्र दोघांनाही कबूल होतं की रंजनाचा बाप मंडपातच मातीत बसला. तो तसा बसलेला पाहून रंजनाने मान्य केलं, संध्याकाळी शेजारच्या गावाहून लग्न लावणारा दुसरा माणूस आणला आणि लग्न लागलं.

सरांना बोलावणारे त्यानंतर कमी झाले. पण जे बोलवत ते खोलीसकट बोलवत, आणि सरांची ऐट वाढलेली दिसे. लग्नाच्या दिवशी पहाटे उठून दाढी, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी मालतीकाकू, म्हणायच्या, "स्वतःच्या लग्नाले इतका नटला नव्हता हा मानूस."

मग दहा-बारा वर्षांनी तो बसस्टँडचा दिवस आला. मी कॉलेजला अकोल्याला निघाले होते, सर अक्काला भेटायला अकोल्यालाच. अक्का तिथे मुलाकडे राहायची. आम्ही बसची वाट बघत उभे असताना एक बाई समोर आली. बरोबर दहाएक वर्षांची मुलगी, हातात बोरं. "सर, ओयखलं काय? मी रंजना. दर्यापूरवाली."

सरांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी काय म्हणू? भीती म्हणता येईल, आनंदही म्हणता येईल. "कशी हायेस?" त्यांनी विचारलं.

"चांगली हावो. मानूस चांगला निंगाला सर. भल्ला चांगला."

"मंग तू तवा नाई काहून म्हटलं?"

"मन नव्हतं म्हून. त्या दिवशी खरंच नव्हतं. तुमी इचारलं, म्या खरं सांगतलं." तिने पोरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. "पन तुमी माईकवर सांगतलं सर. माह्या सासूनं ते मरेपर्यंत काढलं. भाजीत मीठ जास्त झालं तरी, हिचं मनच नव्हतं इथं येयाचं. पोरगी झाली तरी तेच. म्या फकस्त तुमाले सांगतलं होतं. गावाले नाई."

सर म्हणाले, "मंग म्या इचारलं हेच चुकलं काय?"

"मले नाई समजत सर," रंजना म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता. तेवढ्यात तिची बस लागली, ती पोरीला ओढत धावली, आणि खिडकीतून त्या पोरीने आम्हाला हात केला.

अकोल्याला आम्ही उतरलो. माझा पहिला तास रिकामा होता, म्हणून मी त्यांच्याबरोबर अक्काकडे गेले. अक्का ओसरीवर अंबाडीची भाजी निवडत बसली होती. सरांनी पाणीही घेतलं नाही. उभ्याउभ्या विचारलं, "अक्के, तुह्या लग्नात मामीनं तुयी मान दाबली होती. हाव का नाई?"

अक्काने भाजीतून डोकं वर केलं. "मान? मान त मीच हालवली होती. मामी डोक्शावरचा पदर सारका करून राहिली होती."

"म्या सोताच्या डोयानं पाह्यलं."

"तू दिडफूट होता. तुले काय दिसते?" आणि मग जरा विचारात पडून ती म्हणाली, "का दाबली होती? आता ध्यानात नाई रे. पन इतक्या वर्सानं हे काहून इचारून राहिला?"

जन्मभर सगळ्यांना काहून विचारत आलेल्या त्या माणसाला तेव्हा काही सांगता आलं नाही. ते माझ्याकडे बघायला लागले, जसं काही मला ठाऊक असेल. मला त्यांची फार कीव आली, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. आता आम्ही दोघं एका नावेत होतो.

सरांनी लग्न लावणं बंद केलं. कोणी आलं तर काकूंकडून निरोप, तब्येत बरी नाही. तब्येतीला काही झालेलं नव्हतं. तोवर नोकरी संपलेली, लग्नं बंद, मग उठायचं कशासाठी? दहा वाजेपर्यंत अंथरुणात. दाढीचे खुंट वाढलेले. झोळी खुंटीला, आणि तिच्यातली माचीस काकू चुलाण्याला वापरू लागल्या. संध्याकाळी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायचे, पण कोणाला काहून म्हणून विचारायचे नाहीत. गल्लीतली पोरं आधी त्यांच्या त्या शब्दाची नक्कल करायची. आता नक्कल करायलाही काही उरलं नाही.

काकू एकदा आमच्याकडे येऊन बसल्या. "याहीनं काल मले इचारलं," त्या आईला म्हणाल्या. "मालते, आपल्या लग्नात तुयं मन होतं काय? म्या म्हटलं, आता कुकर लावला हाये, शिट्टी होऊ द्या, मंग सांगतो." आई हसायला लागली. "मग? सांगितलं काय?" काकू म्हणाल्या, "शिट्टी झाली, पन याहीनं फिरून इचारलं नाई. म्याही मंग नाई सांगतलं." त्या हसत नव्हत्या, माझ्याकडे वळल्या. "त्याले समजाव न व पोरी. तो इचारत होता तवा बरा होता. कटकट होती, पन मानूस जागा होता."

मी कोण समजावणार? माझं स्वतःचं लग्न ठरलं होतं आणि मला झोप नव्हती. प्रशांत चांदूर बाजारचा, शाळेत शिक्षक, सरळ माणूस. पाहायला आला तेव्हा मला एकटीला काही बोलायचं असेल तर बोल म्हणून अंगणात घेऊन गेला आणि स्वतःच घाबरून संत्र्याच्या झाडांबद्दल बोलत राहिला. त्याच्यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. हो म्हणण्यासारखं काय आहे हे मात्र मला सापडत नव्हतं. सापडत तर मला नोकरीतही नव्हतं. मला वाटायचं, बाकीच्यांना सकाळी उठल्यावर कळतं आपल्याला काय पाहिजे, मलाच कळत नाही.

बाबांनी सरांना फार गळ घातली तेव्हा ते लग्न लावायला तयार झाले. पण अट घातली. "खोली ठेवू नका."

मी ठेवली. कार्यालयात मागे गॅसच्या सिलिंडरची एक अरुंद खोली होती, ती मी सकाळीच मामाच्या पोराकडून झाडून घेतली. सर आले, इस्त्रीविना शर्टात, आणि मी नवरीच्या पांढऱ्या साडीत त्यांच्या आडवी उभी राहिले. "सर, विचारा."

"नाई वं. ते सोडलं म्या."

"विचारा न सर. मले कोनीच नाई विचारून राहिलं."

ते आत आले. दार मीच लावलं. दोन सिलिंडरच्या मधे उभं राहून त्यांनी भिंतीकडे बघत विचारलं, "तुयं मन हाये काय?"

"मले माहीत नाही," मी म्हटलं, आणि रडायला लागले.

सरांकडे हो साठी एक वाट होती, नाई साठी एक होती, या उत्तरासाठी त्यांच्याकडे काहीच नव्हतं. ते सिलिंडरवर बसले. बाहेर डीजेवाल्याने आवाज वाढवला. शेवटी त्यांनी मलाच विचारलं, "मंग आता काय कराव?"

"तेही माहीत नाही. मले कशाचंच माहीत नसते सर. तुमाले सगळं माहीत असते."

"मले?" ते खरोखर चकित झाले. "मले कुठी काय माहीत हाये? अक्काची मान कोनं हालवली हेही नाई माहीत. सकाळी उठलो का मले काईच माहीत नसते. पयले काय होये, आज पोरीले इचाराचं हाये, एवढं ध्यानात राहे. मंग उठो, दाढी करो, बूट पुसो. दुपारपर्यंत थोडं थोडं माहीत होये." मग आपल्या चुरगळलेल्या शर्टाकडे बघून, "आता दुपारपर्यंतही नाई होत."

"मग सोडलं कशाले?"

"त्या पोरीले तरास झाला न वं."

"विचारल्याचा नाही झाला सर. माईकचा झाला. ती तेच तं सांगून राहिली होती."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं मी हे बोलेपर्यंत मलाही ते नीट कळलं नव्हतं. बाहेरून कोणीतरी दार वाजवलं. सर म्हणाले, "थांबा!" आणि तो त्यांचा जुना आवाज होता. मग मला म्हणाले, "बरं. भायेर जाऊन काय सांगू? तू म्हनशील ते सांगतो. नाई तं काईच नाई सांगत. पोट दुखते म्हनतो माह्यं."

मी प्रशांतचा, त्या संत्र्याच्या झाडांचा विचार केला. "लावा," म्हटलं.

"पक्कं?"

"नाही. पण लावा."

सर हसले. पदराने डोळे पुसले तर काजळ पसरेल म्हणून स्वतःचा रुमाल दिला. त्या दिवशी प्रतिज्ञा सांगताना त्यांचा आवाज मंडपाबाहेर रस्त्यापर्यंत गेला असं आई अजून सांगते. प्रशांतचं आणि माझं बरं चाललं आहे. माझं मन केव्हा आलं ते मला नक्की सांगता येणार नाही, पण आलं.

सर पुन्हा लग्नं लावायला लागले. खोली पुन्हा आली. फरक इतकाच की माईकशी त्यांनी वैर धरलं. प्रश्नानंतर आता ते दुसरा प्रश्न विचारायचे, "भायेर काय सांगू?" एकदा खरंच पोट दुखल्याचं सोंग करून त्यांनी एक लग्न पुढे ढकललं, आणि ते पुढे लागलं की मोडलं हे त्यांनी मला कधी कळू दिलं नाही. काकूंनाही नाही. त्यांचं हे बरोबर आहे का, यावर आमच्या गल्लीत अजून एकमत नाही. लोक म्हणतात, ऐन मंडपात विचारून पोरींच्या डोक्यात किडा कशाला सोडायचा?  मला फक्त ओट्यावरचे ते दाढी वाढलेले सर आठवतात.

गेल्या उन्हाळ्यात रंजना त्यांच्या घरी आली, पत्रिका घेऊन. बसस्टँडवर बोरं खाणारी तिची पोरगी, प्रज्ञा, तिचं लग्न होतं अकोल्याला. सरांचे गुडघे गेलेत, ऐकू कमी येतं, लग्नं त्यांनी केव्हाच सोडली आहेत. "लगन दुसरे लावतीन सर," रंजना म्हणाली. "तुमी फकस्त या. एक खोली रिकामी ठेवली हाये."

 सरांनी काकूंकडे वळून विचारलं, "माह्ये बूट कुठी हायेत?" काकू म्हणाल्या, "जा. पन माईकपाशी जाऊ नका."

मी त्यांना गाडीने घेऊन गेले. कार्यालयात नवरदेवाशी बोलून झालं, मग प्रज्ञा त्या खोलीत गेली आणि सर माझा हात सोडून, भिंतीला धरून तिच्या मागे गेले. दार लागलं. रंजनाचा नवरा, तो भल्ला चांगला माणूस, घड्याळ बघत आला. "हे काय आता फिरून? आन् नाई म्हनाली तं?"

"तं नाई," रंजना म्हणाली.

खोलीच्या खिडकीला जाळी होती. सर प्लॅस्टिकच्या खुर्चीत कानाला हात लावून पुढे वाकले होते. प्रज्ञा त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होती, पुष्कळ वेळ. मधेच सरांचे ओठ हलले आणि ते काहून म्हणाले असणार, कारण तिने परत पहिल्यापासून सांगायला घेतलं. ती हसत होती की रडत होती ते जाळीतून कळेना. मी रंजनाला सांगायला वळले. तिने खिडकीकडे पाहिलंही नाही. ती दाराला पाठ लावून, दोन्ही हात चौकटीला धरून उभी होती, आत कोणी जाऊ नये म्हणून.